अग्निशमनाच्या टाकीतली गादी

सासूबाईंची गादी फेकण्याचा निर्णय आमच्या घरात अगदी लोकशाही पद्धतीने झाला. म्हणजे मी आणि सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, आणि घरात यांचं एकट्याचं बहुमत होतं. परत येऊन पाहतो तर पलंगावर काथ्याच्या जुन्या गादीच्या जागी एक पांढरीशुभ्र, फुगीर, ताज्या पावासारखी वस्तू पसरलेली. शेजारी हे, स्वतः प्रसवल्यासारखे थकलेले आणि प्रसन्न.

"आई, ही साधी गादी नाही. ही अंगाचा आकार लक्षात ठेवते."

सासूबाईंनी बोटाने दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि सावकाश, विचार करत करत भरून आला.

"मला गादीने लक्षात ठेवायला नकोय," त्या म्हणाल्या. "पोटच्यांनी ठेवलं तरी पुष्कळ. माझी गादी कुठाय?"

"कचऱ्याच्या गाडीत गेली. अगं, तिच्यातून भुसा गळत होता!"

गळत होता, हे खरं. रोज सकाळी पलंगाखालचा तो तपकिरी भुसा मीच झाडत असे. पण गळते म्हणून वस्तू टाकायची ठरवली, तर आमच्या स्वयंपाकघरातला नळ आणि यांची छत्री घरात दिसायला नकोत.

नव्या गादीवर सासूबाईंची झोप उडाली. रोज सकाळी त्या गादीचा अहवाल देत. कूस वळायला गेलं तर गादी सोडत नाही, उठायला गेलं तर हात रुततो, पिठाच्या डब्यात पडल्यासारखं वाटतं. जमिनीवर झोपावं तर गुडघे उठू देत नाहीत. आठवडाभराने त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी धाकट्याकडे जाते राहायला. त्याच्याकडे फळीचा पलंग आहे."

आता सासू दुसऱ्या मुलाकडे जाते म्हटल्यावर सुनेने काय करायचं असतं, ते मला ठाऊक आहे. तोंड पाडायचं आणि आतल्या खोलीत जाऊन हसायचं. मी आतल्या खोलीत गेले खरी, पण हसू येईना. या घरात आल्यावर वाचनालयाचं पहिलं कार्ड मला सासूबाईंनी काढून दिलं होतं, "वाचत बसलीस की निदान बोलत तरी नाहीस" असं म्हणून. शाळेने मला जे शिकवलं नाही ते सगळं मी त्या कार्डावर शिकले. शिवाय त्या गेल्या तर मी भांडायचं कोणाशी? यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. भिंत निदान चेंडू परत तरी करते.

"आई, जाऊ नका. मी तुम्हाला तश्शी गादी करून देते."

"तू?"

"मी."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर स्वतःच औषध शोधून आलेल्या रोग्याकडे पाहतात. "बरं. धाकटा सुट्टी लागली की मला न्यायला येणार आहे. तोवर बघते वाट."

म्हणजे मला मुदत मिळाली होती. गादी तेवढी मिळायची होती.

गादीच्या दुकानात काथ्याची गादी होती, पण ती रबर लावून दाबलेली. सासूबाईंनी तिला नाक लावलं आणि "सायकलचं दुकान" एवढाच शेरा दिला. मग कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, सुटा काथ्या आता कोण ठेवतं? मागवायचा तर ट्रकभर मागवावा लागतो. तुम्ही काथ्या आणा, मी भरून देतो." हे तो अशा खात्रीने म्हणाला, की मी आयुष्यात पुन्हा त्याच्या दारात येणार नाही.

घरी येताना शहाळेवाल्याच्या गाडीशी थांबले. त्याच्या मागे सोललेल्या सालींचा डोंगर होता. मी त्या डोंगराकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला तो पुढे सबंध इमारतीला दिसला.

"दादा, या साली तुम्ही फेकता?"

"फेकायला जागा कुठाय, ताई? रोज कोणाकोणाच्या पाया पडतो."

"मला द्याल?"

शहाळेवाल्याने डोळे पुसले, असं मला वाटलं. घाम असेल. "किती देऊ?"

"असतील तेवढ्या," मी म्हणाले. आयुष्यात माणसाने पुष्कळ मूर्खपणाची वाक्यं बोलावीत, पण हे बोलू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या दारात दोन हातगाड्या उभ्या. माल उतरवून झाल्यावर मी त्याला विचारलं, "या कुजायला किती वेळ लागतो हो?"

"आम्ही कधी थांबून बघितलं नाही," तो म्हणाला आणि रिकाम्या गाड्या घेऊन इतक्या वेगाने गेला की मला आभारही मानता आले नाहीत.

कुजवण्याचं शास्त्र मी मोबाइलवर पाहून शिकले होते. साली पाण्यात बुडवून ठेवायच्या, मऊ पडल्या की ठेचायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, झाला काथ्या. व्हिडिओत एक बाई तळ्यातून हसत हसत साली काढत होती. व्हिडिओला वास येत नाही, ही मला विज्ञानातली फार मोठी उणीव वाटते.

आमच्याकडे तळं नव्हतं. पण गच्चीवर दोन टाक्या होत्या. एक काळी, तिचं पाणी घरोघरी येतं. दुसरी सिमेंटची, बुटकी, झाकणावर लाल रंगाचे फराटे असलेली. ती कोणी उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. तरीही मी रीतसर चौकशी केली. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याच घरात पेपर वाचत बसलेले असतात.

"अहो, ती लाल झाकणाची टाकी कशाची?"

पेपर हलला नाही. पेपरामागून आवाज आला, "कशाची नाही. ती असते."

यापुढे जे झालं त्याची जबाबदारी मी या अधिकृत खुलाशावर टाकते.

साली टाकीत पडल्या आणि सगळ्या तरंगल्या. काहीतरी जड हवं होतं. यांनी व्यायामासाठी आणलेली लोखंडी वजनं पलंगाखाली होती. दुकानातून घरापर्यंत ती यांनी उचलली होती, तेवढाच त्यांचा व्यायाम. ती मी फळीवर ठेवून साली दाबल्या, झाकण लावलं आणि हात धुतले.

सुरुवातीला काही नाही. मग हळूहळू जिन्यात एक वास येऊ लागला. वर्णन करायचं तर, समजा एका ओल्या कुत्र्याने कोबीच्या शेतात आत्महत्या केली आहे. समोरची वहिनी म्हणाली गटार तुंबलंय. तळमजल्यावरचे मास्तर, जे शाळेतून निवृत्त झाले पण वर्गातून अजून बाहेर आलेले नाहीत, ते म्हणाले की हे दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बँकवाल्याचे मोजे. बिचाऱ्या बँकवाल्याने घरातले सगळे मोजे धुऊन गॅलरीत जाहीरपणे वाळत घातले. वास वाढला. मला त्याची फार दया आली. मी त्याला डबाभर लाडू पाठवले आणि त्याने ते वासाच्या भीतीने की कशाने, उघडलेच नाहीत.

सेक्रेटरींनी नोटीस लावली: 'सर्व सभासदांनी आपापले मृत उंदीर त्वरित हलवावेत.' त्यावर भाषेवरून वाद झाला. 'आपापले' हा शब्द आपल्याला लागू नाही, असं प्रत्येकाचं म्हणणं. मग शोधसमिती नेमली. तीत मला घेतलं, कारण वहिनीने सांगितलं की माझं नाक फार तिखट आहे; फोडणी करपल्याचं मी तिच्या आधी ओळखते. मी समितीला घेऊन तळघरात गेले. दुसऱ्या दिवशी मीटरच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "वास वर जाताना वाढतो, असं नाही वाटत तुम्हाला?"

"गरम हवा वर जाते, मास्तर," मी म्हणाले. "विज्ञान आहे."

मास्तरांनी मान डोलावली. विज्ञान म्हटलं की ते बिचारे गप्प बसतात. त्यांचा विषय भूगोल.

घरी सासूबाई मला रोज एकच प्रश्न विचारत. "झाल्या का साली मऊ?"

"होताहेत, आई."

"धाकट्याचा फोन आला होता. पिशवी भरून ठेव म्हणाला." एवढं बोलून त्या पिशवीत एक एक वस्तू टाकत. एक दिवस शाल. एक दिवस पावडरीचा डबा. मी गच्चीवर जाऊन सालींना बोट लावून येई. साली अजून घट्ट. पिशवी मात्र फुगत चालली होती.

अशात अग्निशमन दलाची वार्षिक तपासणी आली. सेक्रेटरींनी सगळ्यांना खाली अंगणात बोलावलं. पांढरा शर्ट घातलेले मास्तर अध्यक्ष. यांनी सज्जतेवर भाषण केलं. संकट कधी सांगून येत नाही, असं हे म्हणत होते, आणि मी टाळ्या वाजवत होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरची लाल पेटी उघडली, आतली गुंडाळलेली नळी काढली, तिचं तोंड मास्तरांच्या हातात दिलं आणि विचारलं, "वरची टाकी भरलेली आहे ना?"

"कायम भरलेली असते," हे म्हणाले.

"कुठली टाकी?" मी वहिनीला विचारलं.

"अगं, ती लाल झाकणाची. आग विझवायची."

माझ्या पायांखालचं अंगण सरकलं. "साहेब," मी म्हणाले, "आज नको. आज वारा आहे." पण तोवर साहेबांनी चावी फिरवली होती.

नळी आधी खाकरली. मग तिने घसा साफ करून एक तपकिरी झुपका थुंकला. आणि मग आला तो प्रवाह. रंग उकळलेल्या चहाचा, जोर धबधब्याचा, आणि वास, वास आता सगळ्या इमारतीच्या ओळखीचा. मास्तर नळी सोडेनात. भूगोलाच्या माणसाला नदी कशी अडवायची ते शिकवलेलं नसतं. नळी फिरली तसे मास्तर फिरले, आणि मास्तर फिरले तशी समिती, सेक्रेटरी, वहिनी आणि साहेब एकामागून एक न्हाले. बँकवाला तेवढा कोरडा राहिला, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान पाहिलं.

पाणी थांबलं. साहेबांनी टोपी पिळली. टोपीतून निघालेला काथ्याचा तंतू दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत.

"ए! सांडू नका! माझी गादी आहे ती!"

साहेब नियमाने चालणारे होते. ओल्या कपड्यांनी ते खुर्चीवर बसले आणि विचार करू लागले. टाकीत पाणी आहे? आहे. दाब आहे? मास्तरांकडे पाहिल्यावर त्याबद्दल शंका उरत नव्हती. पाण्याच्या रंगाबद्दल आणि वासाबद्दल त्यांना विचारायला सांगितलेलं नव्हतं. "राहता राहिली गादी," ते म्हणाले. "गादी हा ज्वलनशील पदार्थ आहे. तो आग विझवायच्या टाकीत ठेवणं नियमात बसत नाही. ठेवू नये असंही कुठे म्हटलेलं नाही. कारण, बाई, असं कोणी करेल हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसणार." त्यांनी टाकी धुवून घ्या म्हणून बजावलं आणि जाताना हळूच मला विचारलं, "काथ्याची गादी कंबरेला चांगली असते का हो?"

त्या संध्याकाळी आमच्याकडे सभा भरली. मी बसायला सतरंजी घातली, पण लोकांना उभं राहूनच रागवायचं होतं. मास्तरांनी माझी इतकी लाज काढली, की बाकावर उभं केलं नाही एवढंच. हे माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं होतं. हे म्हणाले, "सेक्रेटरी म्हणून मी निषेध करतो आणि नवरा म्हणून मला काही माहीत नव्हतं." दोन्ही भूमिकांत हे सारखेच निरुपयोगी ठरले. ठराव झाला: साली उद्याच्या उद्या बाहेर.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर साली काढून कपडे धुवायच्या धोपटण्याने एकटीच ठेचत बसले. वहिनी भांडायला वर आली. तिने पाच मिनिटं सुनावलं, मग म्हणाली, "तुला धड मारतासुद्धा येत नाही. आण इकडे." तिने पहिला घाव असा घातला की साल फाटून तंतू मोकळे झाले. "ही माझ्या साहेबीणबाईसाठी," ती म्हणाली. "आणि ही तिने नाकारलेल्या रजेसाठी." मग इतरही आले. प्रत्येकाच्या पोटात काही ना काही साठलेलं होतं. बँकवाल्याने तर इतक्या साली फोडल्या की मला त्याला आवरावं लागलं. तो प्रत्येक घावाला 'मोजे' म्हणत होता. दुपारपर्यंत माझ्यावर रागवायचं कोणाला आठवत नव्हतं, आणि मला वाटलं, झालं, जिंकले.

तंतू धुऊन गच्चीभर वाळत घातले आणि वारा सुटला. साहेबांसमोर मी खोटं बोलले होते तो वारा, तोच. काथ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला, खिडक्यांतून आत गेला, मास्तरांच्या बनियनमध्ये शिरला आणि मास्तर दोन दिवस खाजवत फिरले. पण वाऱ्याने नेला तो थोडाच. बाकीचा नेला सज्जनांनी.

"थोडासा घेते गं, भांडी घासायला. त्या प्लास्टिकच्या घासणीला काही जोर नाही," वहिनी म्हणाली आणि ओंजळभर घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कुंड्यांसाठी नेला. ओल धरून ठेवतो म्हणे. कोणी दारातलं पायपुसणं दुरुस्त करायला, कोणी खिडकीची फट बुजवायला, कोणी सुंभ वळून खाटेचा पाय बांधायला. ज्यांनी सभेत नाकाला रुमाल लावला होता त्यांनी त्याच रुमालात बांधून नेला. शेवटी मास्तर आले. "वासाचा निषेध कायम आहे," ते म्हणाले, "पण काचेचे ग्लास गुंडाळून ठेवायला थोडा मिळेल का?" काथ्याचे इतके उपयोग आहेत हे मला त्या दिवशी कळलं. गादी हा त्यातला शेवटचा.

उरलेलं पोतं घेऊन गादीवाल्याकडे गेले. मला काथ्यासकट पाहून तो हबकला. पण शब्दाला जागला. गादी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "माल कमी पडला, ताई. तुमच्या सासूबाईंच्या उंचीएवढी केली. वर बोटभरही जागा नाही. आणि मधे थोडी घट्ट गाठ आली आहे, ती वापराने बसेल. किंवा नाही बसणार."

आम्ही ती पलंगावर टाकली. आखूड, खडबडीत, एका बाजूला चढ असलेली, कोपऱ्यातून केस बाहेर आलेली. मी तीवर चादर घातली. चादरीतूनही ती गादी कमी आणि रुसलेलं जनावर जास्त वाटत होती. मी हात फिरवला आणि सल लागला.

त्याच दिवशी दुपारी खाली गाडीचा भोंगा वाजला. भाऊजी आले.

"चल आई! पिशवी कुठाय? वहिनी, मी काही थांबत नाही हं, रस्त्यात गर्दी होईल." ते आले, पिशवी उचलली, दारात ठेवली. तेवढ्यात त्यांची नजर पलंगावर गेली. "हे काय आहे?"

"गादी," मी म्हणाले.

भाऊजींनी हसू दाबलं. दाबलेलं हसू हे खोखो हसण्यापेक्षा वाईट असतं. मी मान खाली घातली. इतके दिवस सगळ्या इमारतीचं बोलणं ऐकलं, काही वाटलं नव्हतं. पण तेव्हा त्या गाठी आणि तो चढ बघून मला वाटलं, खरंच की. यासाठी कोण राहील?

सासूबाई चपला घालता घालता थांबल्या. "एकदा पडून बघते," त्या म्हणाल्या. "नाहीतर हिला वाटेल, म्हातारीने बघितलंही नाही."

त्या आडव्या झाल्या आणि लगेच सुरू झाल्या. "टोचतेय. इथे मानेखाली टोचतेय. आणि हा काय डोंगर आहे मधे? गादीवाल्याला दिसत नव्हतं? वास पण येतोय. चादर पातळ घातलीस. माझी गादी कशी सपाट होती. आता या अंगावर वळलं की… इकडे बरं आहे, पण इकडे भिंत. भिंतीकडे तोंड करून मला कधी… माझ्या आईकडे अशीच एक… तिला पण मधे… मधे…"

आणि आवाज थांबला.

भाऊजी पुढे झाले. "आई?"

मी त्यांचा हात धरला. सासूबाईंचं तोंड किंचित उघडं होतं आणि त्यातून एक बारीक, समाधानी शीळ येत होती. ती शीळ मी फार दिवसांत ऐकली नव्हती.

"उठवू का?" भाऊजींनी विचारलं.

"उठवून बघा," मी म्हणाले.

भाऊजी खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने पंखा लावला. मग पेपर वाचला. मग चहा घेतला. मग पुन्हा चहा घेतला. हेही येऊन बसले. दोघं भाऊ आईच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना खुणेने गप्प राहायला सांगत होते, आणि दोघांपैकी कोणीही काही बोलत नव्हतं. अखेर गर्दीची वेळ झाली, आणि भाऊजी पायांच्या बोटांवर चालत, चपला हातात घेऊन निघून गेले.

दिवे लागायच्या सुमाराला सासूबाई उठल्या. बघितलं, चष्मा लावला, पुन्हा बघितलं.

"धाकटा कुठाय?"

"गेले. तुम्ही झोपला होता म्हणून."

"झोपले होते? मी?" त्या ताठ बसल्या. "या गादीवर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. नुसती पडले होते. तुम्ही सगळे काय बोललात ते सगळं ऐकलंय मी."

"काय बोललो?"

"ते आता मी सांगत बसत नाही." त्यांनी चादर सारखी केली. हातानेच त्या मधल्या गाठीवर दोन चापट्या मारल्या, हट्टी पोराच्या पाठीवर माराव्या तशा. "एका पडण्याने काय कळतं? आजची रात्र बघते. मग धाकट्याला काय ते सांगू."

मी पिशवी उचलून आत नेली. शाल काढून कपाटात ठेवली, पावडरीचा डबा आरशापाशी.

याला आता बरेच महिने झाले. भाऊजींचा अधूनमधून फोन येतो, न्यायला येऊ का म्हणून. सासूबाई घसा खाकरून सांगतात, "थांब जरा. हिची गादी मी अजून बघतेय. घाईत कोणाला नापास करू नये."